पडदा पडेपर्यंतची साडी

गणपतीत बदलापूरला एका सोसायटीच्या आवारात कोकणी नमनाचा खेळ लागला होता. मंडळी रत्नागिरी-संगमेश्वरकडची, कुणी अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला, कुणी भिवंडीच्या गोदामात. गवळण सुरू व्हायला अर्धा तास होता म्हणून मी मागच्या बाजूला डोकावलो. पार्किंगमध्ये ताडपत्री बांधून केलेली मेकअपची खोली. मावशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून दाढी करत होती. दोन गवळणींना साडी नेसवायला चार माणसं लागली होती. एक जण निऱ्या धरतोय, दुसरा दातात सेफ्टी पिन धरून कमरेशी वाकलाय. राधा मात्र कोपऱ्यात एकटीच. चोवीस-पंचवीसचा पोरगा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघत त्याने पाच मिनिटांत साडी नेसली, पदर लावला, पिन बाहेरून दिसत नाही ना ते दोनदा पाहिलं. ढोलकीवाला म्हणाला, "याला शिकवावं लागत नाही." सगळे हसले, राधाही हसली. रात्री एकला नमन संपलं. बाकीच्या गवळणी बर्म्युडा चढवून वडापाववर तुटून पडल्या होत्या. राधा अजून साडीतच. अर्ध्या तासाने मंडळाचा म्होरक्या ओरडला, "अरे उतरव की आता, संपलं ना!"

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात समलिंगी, पारलिंगी, तृतीयपंथी माणसांना आपलं वाटेल असं नाटक, नाच, गाणं कुठे आहे, हा प्रश्न घेऊन फिरायला लागलो की म्होरक्याचं ते वाक्य मला सारखं आठवतं. पुरुषाच्या अंगावरच्या साडीचं मराठी रंगमंचाला कधीच वावडं नव्हतं. अट फक्त वेळेची होती.

या अटीचा इतिहास आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, फक्त तिला अट म्हणत नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1905मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले, 1913मध्ये त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, आणि घराघरातल्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसू लागल्या, त्यांच्यासारखा गजरा माळू लागल्या. 1933मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि स्त्रीपार्टी नटांचा काळ उतरणीला लागला. बालगंधर्वांना आजच्या कुठल्या नावाच्या खणात बसवायचा हट्ट मी धरणार नाही. तो त्यांच्यावर अन्याय होईल आणि आजच्या माणसांवरही. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. स्त्रीपार्टी नटाला मान होता, तमाशातल्या नाच्याला नव्हता. साडी दोघांच्याही अंगावर. फरक जातीचा, तिकिटाच्या दराचा आणि प्रेक्षकाच्या पागोट्याचा. गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या रंगवला तो इतका हुबेहूब की बायको-मुलं असलेल्या या नटाच्या पुरुषपणावर लोक आयुष्यभर शंका घेत राहिले. 2008मध्ये ते गेले तोवर ती पाठ सुटली नव्हती. म्हणजे साडी वेळेत उतरवली तरी ज्याची पत कमी त्याची ती उतरत नाही.

हसू आणणाऱ्या साडीला तर पूर्ण मोकळीक. ब्रँडन थॉमसच्या 1892च्या 'चार्लीज आंट'वरून आचार्य अत्र्यांनी 'मोरूची मावशी' केलं, आणि ऐंशीच्या दशकात विजय चव्हाणांनी ती मावशी अशी नाचवली की आजही कल्याणला अत्र्यांच्याच नावाच्या रंगमंदिरात जुने प्रेक्षक तिची आठवण काढतात. पुढे टीव्हीवर 'चला हवा येऊ द्या'त पुरुषांनी वर्षानुवर्षं साड्या नेसल्या. आमच्या घरात तीन पिढ्या एका सोफ्यावर बसून ते बघायच्या. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू. पण त्याच सोफ्यावर बसलेल्या एखाद्या पोराला त्या हसण्यात काय ऐकू येत असेल, हा विचार फार उशिरा सुचला.

हसू बाजूला ठेवून हा विषय मराठी रंगमंचावर आला तो आमच्यापासून फार लांब नव्हे. 15 ऑगस्ट 1981, ठाण्याचं गडकरी रंगायतन. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'चा पहिला प्रयोग. दिग्दर्शक विनय आपटे, सुमित्रा देव ऊर्फ मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. बदलापूरहून गाडीने तासाभराच्या आत पोचता येईल अशा थिएटरात, चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी, एक मुलगी दुसऱ्या मुलीवर प्रेम करते हे मराठीत रंगमंचावरून स्पष्ट सांगितलं गेलं. आपल्या भागातल्या एकाही शाळेत किंवा कॉलेजात ही गोष्ट स्थानिक इतिहास म्हणून सांगितलेली मी ऐकली नाही.

या नाटकातली खरी मेख मला उशिरा कळली. मित्राला नमा या मुलीबद्दल जे वाटतं त्याला वाट मिळते ती कॉलेजच्या नाटकाच्या निमित्ताने. नाटकात मित्रा पुरुषाचं काम करते, नमा नायिका असते. तालमीत जे बोलायला परवानगी आहे ते तालमीबाहेर बोलायचं नाही, हे मित्राला मान्य होत नाही. म्हणजे तेंडुलकरांनी नेमकी त्या वेळेच्या अटीवरच बोट ठेवलंय. मित्रा पुरुषाचा वेष उतरवते, पण त्या वेषात जे उमगलं ते उतरवत नाही, आणि नाटक तिला मृत्यूपर्यंत नेऊन सोडतं. आज वाचताना हा शेवट खटकतो. समलिंगी पात्र मेलंच पाहिजे ही जगभरच्या नाटक-सिनेमांची जुनी खोड, तेंडुलकरही तिच्यातून सुटले नाहीत. तरी गोष्ट सांगणाऱ्या बापूचा गोंधळ, त्याची माया आणि त्याचा भित्रेपणा इतका खरा आहे की नाटक जुनं होत नाही. आपल्यातले बहुतेक जण बापूच आहेत.

'मित्राची गोष्ट'च्या दोन वर्षं आधी, 1979मध्ये, सतीश आळेकरांचं 'बेगम बर्वे' पुण्याच्या थिएटर अकॅडमीने आणलं होतं. चंद्रकांत काळ्यांचा बर्वे हा संगीत नाटकात किरकोळ स्त्रीभूमिका केलेला, आता उदबत्त्या विकून शामरावच्या धाकात जगणारा माणूस. जावडेकर-बावडेकर या दोन कारकुनांच्या स्वप्नात तो नलावडेबाई होतो, लग्न होतं, दिवस जातात, डोहाळे लागतात. आणि मग शामराव येतो. मराठी नाटकातला तो प्रवेश मला सगळ्यात क्रूर वाटतो. शामराव म्हणजे आमच्या म्होरक्याचाच थोरला भाऊ: उतरव आता, संपलं. फरक एवढाच की आळेकर प्रेक्षकाला शामरावच्या बाजूने हसू देत नाहीत.

यानंतरचा पट लांबलचक सांगता येईल, पण मी भराभर जातो. मच्छिंद्र मोऱ्यांचं हिजडा समाजावरचं 'जानेमन' वामन केंद्र्यांनी उभं केलं. सचिन कुंडलकरचं 'छोट्याशा सुट्टीत' मोहित टाकळकरने पुण्यात केलं; त्यात समलिंगी असणं हा धक्का म्हणून येत नाही, घरातल्या फर्निचरसारखं असतं, आणि तेच त्याचं नवेपण. पुण्यात बिंदुमाधव खिऱ्यांनी 2002मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला, 'पार्टनर' कादंबरी लिहिली, आणि या विषयावर साध्या, समजेल अशा मराठीत बोलायची सवय लावली. मुंबईत पुरुषांनी सादर केलेल्या लावणीचा 'बिन बायकांचा तमाशा' गाजला.

चेतन दातारच्या 'एक माधवबाग'पाशी मात्र थांबतो. 2008मध्ये वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेलेल्या या नाटककाराने मुलगा समलिंगी आहे हे कळलेल्या आईचं एकपात्री लिहिलं, आणि मोना आंबेगावकरांनी ते वर्षानुवर्षं केलं, मराठीत, हिंदीत, इंग्रजीतही. नेपथ्य जवळजवळ नाही. एक बाई, एक जागा. म्हणजे ते अंबरनाथच्या एखाद्या वाचनालयाच्या हॉलमध्येही होऊ शकतं, चाळीस खुर्च्यांसमोर. आमच्यासारख्या गावांत प्रेक्षकातली अर्धी जागा आयांनी भरलेली असते. मुलाच्या तोंडून त्या ऐकणार नाहीत ते दुसऱ्या आईच्या तोंडून ऐकतील. दातारला हे हिशेब नीट कळत होते.

आता एका डोंबिवलीकराचं. रवी जाधव या आमच्या शेजारगावात वाढलेल्या दिग्दर्शकाच्या कामांची यादी या विषयाच्या दृष्टीने वाचून बघा. 2010चा 'नटरंग', आनंद यादवांच्या कादंबरीवरून, पैलवानी अंगाच्या गुणा कागलकराला नाच्या व्हावं लागतं त्याची गोष्ट. 2011चा 'बालगंधर्व'. मग 'मित्रा', तेंडुलकरांच्याच गोष्टीवरचा लघुपट, ज्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि 2023ची 'ताली', गौरी सावंतांच्या आयुष्यावरची मालिका, सुष्मिता सेनला घेऊन. नाच्या, स्त्रीपार्टी, समलिंगी मुलगी, तृतीयपंथी कार्यकर्ती. वेशापासून सुरुवात करून माणसापर्यंत यायला एका दिग्दर्शकाला तेरा वर्षं लागली. मराठी रंगभूमीला त्याहून कितीतरी जास्त. 'ताली'च्या वेळी पारलिंगी नटीच का नाही घेतली, असा प्रश्न विचारला गेला. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मात्र एका दिग्दर्शकापाशी सापडणार नाही. पारलिंगी मुलीला एकांकिकेत पहिलं काम कोण देतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात कोण देतो, तिथपासून ते शोधावं लागेल.

आणि तरी, नाटक सोडून प्रयोगकलेचा विचार केला तर आमचा भाग गरीब नाही. अंबरनाथचं शिवमंदिर शके 982चं, म्हणजे 1060चं. भिंतीभर नर्तकी आणि वादक. आता तिथे आर्ट फेस्टिव्हल भरतो, नामवंत गायक-वादक येतात, गर्दी ओसंडते. चांगलंच आहे. पण माझ्या मते या तालुक्याचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोकळा मंच तिथे नाही, मलंगगडावर आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास हाजी मलंगचा उरूस भरतो, तेव्हा देशभरातून तृतीयपंथी तिथे येतात. दीड-दोन तासांची चढण, डोक्यावर चादर, हातात हिरव्या बांगड्या, वाटेवर कव्वाली, ढोल, आणि नाच. कुणी साठीची गुरू, कुणी नुकतीच चेली झालेली. हिंदूंसाठी ती मच्छिंद्रनाथांची समाधी, मुसलमानांसाठी पीर. देखभालीत कल्याणच्या केतकर घराण्याचा वारसा. या जागेवरून राजकारण किती तापलं ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, त्यात मी शिरत नाही. मला सांगायचंय ते वेगळं. त्या दिवसांत तिथे साडी उतरव असं कुणी म्हणत नाही. नाचणारी नाचून झाल्यावरही तीच असते, तशीच चहा पिते, तशीच पायऱ्या उतरते. रंगमंच आणि रंगमंचाबाहेर यांतली रेघच पुसलेली. हौशी रंगभूमीवर उमेदवारी करणाऱ्या किती पोरांनी हा उरूस डोळे उघडे ठेवून पाहिलाय? शहरातल्या नाट्यशिबिरांत आम्हाला ब्रेख्त शिकवतात.

उल्हासनगरची गोष्ट निराळी. फाळणीनंतर लष्कराच्या कल्याण कॅम्पात सिंधी निर्वासित उतरले, 8 ऑगस्ट 1949ला त्याचं उल्हासनगर झालं. त्यांनी येताना भगत आणलं. भगत म्हणजे गाणं, नाच, गोष्ट आणि भक्ती यांचं एकत्र सोंग: घेरदार लांब जामा, पायात घुंगरू, डोक्याला पगडी, आणि रात्रभर गिरक्या. 1939मध्ये रुक स्टेशनवर ज्यांचा खून झाला ते भगत कंवरराम आजही या शहराच्या चौकाचौकांत पूज्य आहेत. घेरदार जाम्यात घुंगरू बांधून नाचणारा पुरुष हा ज्या समाजाचा संत, त्या समाजातल्या नाचऱ्या मुलाला घरून काय ऐकावं लागतं ते मला कॅम्प चारमधल्या एका मित्राने सांगितलंय. इथे लिहिण्यासारखं नाही. शिवाय त्याची अडचण भाषेचीही: त्याच्या घरची भाषा सिंधी, कॉलेजातल्या एकांकिकेची मराठी, आणि या विषयावरची चर्चा सगळी इंग्रजीत, बांद्र्याच्या पलीकडे.

उल्हासनगरच्या नाचाबद्दल बोलायचं आणि बारबद्दल गप्प बसायचं, हा सोवळेपणा नको. 2005मध्ये राज्याने डान्सबार बंद केले, 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली, पुन्हा कायदा आला, 2019मध्ये त्याच्याही अटी सैल झाल्या. या सगळ्या चर्चेत बारमध्ये नाचणाऱ्या तृतीयपंथींचा उल्लेख औषधालाही नव्हता. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठींनी मात्र ते लपवलं नाही. भरतनाट्यम शिकलेल्या, मुलांना नृत्य शिकवणाऱ्या, बारमध्येही नाचलेल्या आणि बंदीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या लक्ष्मी. वैशाली रोड्यांनी शब्दांकन केलेलं त्यांचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी' 2012मध्ये मराठीत आलं. त्यांच्या नंतरच्या राजकीय भूमिकांशी माझं जमत नाही, पण एका अंगात भरतनाट्यम आणि बार दोन्ही राहू शकतात हे त्यांनी ठाणे जिल्ह्याला तोंडावर सांगितलं, त्याला हिंमत लागते. योगायोग असा की ज्या खटल्यात 6 सप्टेंबर 2018ला समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377चा जाच संपला त्याचे पहिले अर्जदार नवतेजसिंग जोहर हेही भरतनाट्यमचेच नर्तक.

दक्षिणेत पाऊल पुढे पडलंय. चेन्नईत लिव्हिंग स्माइल विद्या आणि तिच्या सोबतिणींनी पारलिंगी लोकांनीच चालवलेली 'पन्मै' ही नाटक मंडळी काढली, ए. रेवतींनी स्वतःच्या आयुष्याचा एकपात्री प्रयोग गावोगावी नेला. तिथे साडी ही भूमिका नाही, रोजचा कपडा आहे. कर्नाटकात जोगती नृत्य करणाऱ्या पारलिंगी मंजम्मांना 2021मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीचे जोगते अजून परडी घेऊन दारोदार फिरतात, आणि आपण 'जोगवा' सिनेमातली गाणी लावून गणपती नाचवतो.

मग आमच्या पट्ट्यात नेमकं काय अडतं? मोठमोठी कारणं सांगता येतील, पण मला लहान कारणं जास्त खरी वाटतात. पहिलं कारण रेल्वे. सीएसएमटीपासून अंबरनाथ सुमारे साठ किलोमीटर, बदलापूर अडुसष्ट. पृथ्वीला, एनसीपीएला किंवा बांद्र्याच्या एखाद्या छोट्या जागेत साडेआठला सुरू होणारा प्रयोग संपवून शेवटची कर्जत गाठायची, आणि ती कुठल्या डब्यात चढून? पारलिंगी मुलगी लेडीजमध्ये चढली तर भांडण, जेंट्समध्ये चढली तर हात. म्हणून नाटक संपायच्या आधी उठायचं. कितीतरी नाटकांचे शेवट इथल्या पोरांनी फक्त ऐकलेत. आता मेकअपची खोली. नाट्यगृहात त्या दोन: पुरुष, स्त्रिया. तिसऱ्या माणसाने मेकअप घरून करून यायचा, म्हणजे पुन्हा तोच डबा. तालमीची जागा शाळेचा वर्ग, रात्री आठ ते दहा, किल्ली शिपायाकडे आणि शिपायाचा मेहुणा नायिकेच्या इमारतीत. गुपित राहायची सोय नाही. मुंबईत माणूस गर्दीत लपतो. बदलापुरात गर्दी तेवढीच, पण ओळखीची.

एकांकिकांचा आधार आहे, हे मान्य करायला हवं. लोकांकिका, सवाई या स्पर्धांमुळे कॉलेजची पोरं नवे विषय घेतात, आणि गेल्या काही वर्षांत समलिंगी प्रेमावरची एकांकिका दिसली नाही असा मोसम माझ्या तरी पाहण्यात नाही. पण स्पर्धेची एक खोड असते. पंचेचाळीस मिनिटांत परीक्षकाला रडवायचं. म्हणून 'कळतं', 'मारतात', 'मरतो' या तीन पायऱ्या, मागे व्हायोलिन. तेंडुलकरांची मित्रा 1981ला मेली ती अजून दर डिसेंबरात मरतेच आहे. दोन मुलगे एकत्र राहतात, गॅस संपलाय, वॉचमन आगाऊ आहे, आई रविवारी येणार आहे, एवढ्यावर एक हसरी एकांकिका लिहायला काय हरकत आहे? परवा मी हे एका तरुण लेखकाला म्हटलं. तो म्हणाला, "काका, मग बक्षीस कोण देणार?"

त्या लेखकाच्या गटातल्या पोरांनी यंदा स्पर्धेबाहेर एक वाचन करायचं ठरवलं. तिकीट नाही, तीन पात्रं, तासाभराचं. मोठं नाट्यगृह परवडणार नव्हतं, आणि तिकीट लावायचं तर नाटकाची संहिता आधी तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र; अमोल पालेकरांसारखा माणूस त्या पद्धतीविरुद्ध 2016मध्ये उच्च न्यायालयात गेला, तिथे या पोरांची काय कथा. म्हणून त्यांनी एक लहान सभागृह बघितलं. अर्ज भरायला मीही सोबत गेलो, वयाचा उपयोग होतो म्हणून. अर्जावर 'कार्यक्रमाचे स्वरूप' असा रकाना. त्यांच्यातल्या एका मुलीने पेन उचललं, पुन्हा ठेवलं, माझ्याकडे बघितलं, आणि लिहिलं: सामाजिक. काउंटरमागच्या गृहस्थांनी चष्मा वर केला.

"सामाजिक म्हणजे? हुंडा वगैरे?"

"वगैरे," ती म्हणाली.

त्यांनी शिक्का मारला. दोन हजार अनामत, माईकचे वेगळे, नऊच्या आत हॉल रिकामा.